कोरडा आवाज

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गवत कापणीला आलं आणि त्याच आठवड्यात ओसमोनआली म्हातारा गेला.

त्या सकाळी अनिपा नदीकाठच्या तुकड्यात होती. नवरा जोलदोश पुढं लांब दांड्याचा कोयता चालवत होता आणि ती मागून दाताळ्यानं ओलं गवत उलटत होती. नऊपर्यंत गवत आणि नऊनंतर दवाखाना, असा तिचा कापणीच्या दिवसांतला क्रम होता. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक वजनकाटा आणि ती स्वतः. गावात डॉक्टर नव्हता. सुई टोचण्यापासून बाळंतपणापर्यंत सगळं अनिपाच करायची. जूनपासून खोकला गावात शिरला होता आणि तेव्हापासून तिच्या नाकावर मास्कच्या पट्टीची पांढरी रेघ उमटली होती. बाकी तोंड उन्हानं तांबूस झालेलं. गावातली माणसं त्या रेघेलाही हसायची.

सासू सुरमाकान बांधावरच्या विलोच्या झाडाच्या सावलीत चहा राखत बसली होती. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, छातीत कायमची घरघर. पण गळा? त्या खोऱ्यात तसा गळा नव्हता. कुणी गेलं की अंगणात तंबू उभारून मढं त्यात ठेवायचं आणि बायकांनी आत भिंतीकडं तोंड करून रडत गायचं, त्या गाण्याला आमच्याकडं कोशोक म्हणतात. सुरमाकान कोशोक म्हणायला लागली की साथ नाही, वाद्य नाही, एक म्हातारा आवाज नुसता वर चढत जायचा आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, देव इथंच कुठंतरी कान देऊन बसला असेल. मेलेल्या माणसाशी ज्यांचं तीस वर्षं वैर होतं तेही पाघळायचे.

"म्हण माझ्यामागं," ती सावलीतून ओरडली. "माझ्या घरची सावली, आज उन्हात चालली..."

"आपा, हातात दाताळं आहे माझ्या," अनिपा म्हणाली. "कामाच्या वेळी मरणाची गाणी नकोत."

"मग केव्हा? मी मेल्यावर शिकवायला येऊ? सासूमागं सुनेनं रडायचं असतं. नाही आलं तर सुनेला कुणी नावं ठेवत नाही, सासूला ठेवतात. म्हणतात, काय शिकवलं हिनं? म्हण, कुणी हाक मारा तिला, चहा तसाच राहिला."

"मला गळा नाही, आपा."

"गळा नाही कसा? दिवसभर त्या दवाखान्याच्या गाडीच्या भोंग्यावरून ओरडतेस ती! मला माहीत आहे तू काय करशील. मी मेले की तंबूत भिंतीकडं तोंड करून बसशील आणि रडशील, हात साबणानं धुवाऽऽ, दोन हात लांब उभे राहाऽऽ!"

जोलदोशचा कोयता थांबला. तो वाकून हसायला लागला. अनिपालाही हसू आलं. तेवढ्यात दवाखान्याची जुनी राखाडी गाडी धुरळा उडवत बांधापाशी आली. टपावर भोंगा, आत चालक एसेन. त्यानं गाडी बंदसुद्धा केली नाही.

"ओसमोनआली बाबा गेला," तो म्हणाला. "तंबूच्या काठ्या बाहेर काढल्यात. माणसं घोड्यावर रवाना झाली सांगावे घेऊन."

अनिपानं दाताळं तिथंच टाकलं. सुरमाकाननं मात्र हातातला प्याला खाली ठेवला आणि डोक्यावरचा रुमाल नीट केला. अनिपानं ते पाहिलं आणि तिला कळलं, ही रडायला जाणार.

ओसमोनआलीच्या अंगणात ती पोचली तेव्हा तंबूचा सांगाडा उभा राहिला होता आणि सहा-सातजण त्यावर लोकरीचे जाड नमदे चढवत होते. म्हाताऱ्याला ती पाच दिवस सुया टोचत होती. गावातलं एकुलतं ऑक्सिजनचं यंत्र तिनं स्वतः उचलून त्याच्या उशाशी आणून ठेवलं होतं. रोज घरच्यांना बजावलं होतं, हा तोच रोग आहे. घरचे रोज मान हलवायचे आणि ती गेली की रोग पळावा म्हणून अंगणात अडरासपानाच्या झुडपाचा धूर करून सगळ्यांना चहाला बोलवायचे.

म्हाताऱ्याचा मुलगा तालाय तिला सामोरा आला. डोळे सुजलेले. त्यानं दोन्ही हात पुढं केले. असे हात पुढं आले की ते घ्यायचे असतात. अनिपानं आपले हात छातीशी धरले आणि मान लववली.

तालायचे हात तसेच अधांतरी राहिले. नमदे चढवणारे थांबून बघायला लागले.

"तालाय, ऐक," ती म्हणाली. "बाबाला तीन दिवस ठेवू नकोस. आज दुपारीच दफन कर. नमाज पढायला कुबात मोलदोला आणि चौघांना घे. तंबूत बायका कोंबू नकोस. तू स्वतः खोकतो आहेस."

"धुरानं खोकतोय."

"परवापासून खोकतोयस."

"एजे," तालाय म्हणाला. तो तिला लहानपणापासून थोरली बहीण म्हणायचा. "माझ्या बापानं या गावाचे अर्धे घोडे शिकवून दिले. त्याला मी चोरासारखा पुरू? माझ्या मामाला यायला उद्याची संध्याकाळ होईल. त्याला काय सांगू? दवाखान्याच्या बाईनं परवानगी दिली नाही?"

"मामाला सांग, येऊ नकोस."

एक म्हातारा तंबूच्या दोरीशी उभा होता. तो मोठ्यानं म्हणाला, "पाच दिवस टोचलंस, वाचवता आलं नाही. आता रडूही देत नाहीस?"

"तिच्या तोंडाला तोबरा बांधलाय ना, घोड्यासारखा," दुसरा म्हणाला. "आत काय चघळते कुणास ठाऊक!"

हसले सगळे. मरणाच्या अंगणातही हसले. अनिपाच्या पिशवीत पन्नास मास्क होते. ते तिनं पायरीवर ठेवले आणि यंत्र उचलून एसेनच्या गाडीत ठेवलं. मागं वळून पाहिलं तर एका बाईनं त्यातला एक मास्क उचलून नाकाला लावून पाहिला, मग शेजारणीला दिला, शेजारणीनं लावून पाहिला आणि परत ठेवला.

"जाऊ दे, एजे," एसेन म्हणाला.

"कुठं जाऊ दे? सगळे इथंच आहेत!"

घरी सुरमाकान तयार होऊन बसली होती. काळी मखमलीची बंडी, पांढरा रुमाल, हातात काठी. तिच्या गुडघ्यांना सकाळी उठायला अर्धा तास लागायचा. आज ती एकटीनंच उठली होती.

"आपा, तुम्ही जायचं नाही."

"दोनशे घरांत रडले मी," सुरमाकान शांतपणे म्हणाली. "माझा नवरा गेला तेव्हा ओसमोनआलीची बायको तीन दिवस माझ्याजवळ बसून होती. माझ्या डोळ्यांतलं पाणी आटलं तेव्हा तिनं आपलं घातलं. आज तिचा तंबू मुका राहील? आणि उद्या माझ्या वेळी कोण येईल? माझ्या वेळी ही गल्ली भरलेली हवी मला."

"तुमच्या छातीत आधीच घरघर आहे. त्या तंबूत चाळीस बायका एकमेकींच्या गळ्यात पडणार. तुम्ही आठ दिवसांत..."

"बोल ना. मरेन. मग? मरायला घाबरणारी बाई कोशोक म्हणते का?"

जोलदोश दाराशी उभा होता. अनिपानं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं कोयत्याच्या पात्याकडं पाहिलं, अंगठ्यानं धार तपासली, आणि म्हणाला, "मी आईला कसा अडवू?"

अनिपाला त्या क्षणी सगळ्यांचाच राग आला. धूर करणाऱ्यांचा, हसणाऱ्यांचा, धार तपासणाऱ्याचा. ती बाहेर आली. गाडीच्या टपावरच्या भोंग्याकडं तिचं लक्ष गेलं आणि तिला वाटलं, सुचलं. आपल्याला सुचलं.

आत येऊन ती म्हणाली, "आपा, तुम्ही तंबूत रडलात तर चाळीसजणी ऐकतील. गाडीत बसून भोंग्यावर रडलात तर सगळं गाव ऐकेल. घरात बसून ऐकेल. ओसमोनआली बाबाचं नाव डोंगरावर आपटून परत येईल. काचा बंद ठेवायच्या, खाली उतरायचं नाही. एवढं माझं ऐका."

सुरमाकाननं विचारलं, "पार वरच्या कुरणापर्यंत जाईल आवाज?"

"जाईल."

"मग तोंडाला तो तोबरा नको. तोबऱ्यातून घोडाही खिंकाळत नाही."

"नको. तुम्ही एकट्याच बसा मागं. मी पुढं बसते."

अनिपाला वाटलं, जिंकले.

गाडी दुपारी निघाली. एसेन अगदी हळू चालवत होता. मागं सुरमाकाननं डोळे मिटले, माईक दोन्ही हातांत धरला, आधी नुसता श्वास ऐकू आला. मग ती उठली, म्हणजे बसलेली होती तशीच होती, पण आवाज उठला.

निळ्या घोड्याचा लगाम
कुणी गं सैल सोडिला,
वाट बघते कुरण
स्वार कुठं गं दडला...

 एसेनचे गाल ओले झाले. पहिल्या गल्लीत एक फाटक उघडलं. एक बाई कणीक लागलेल्या हातांनी बाहेर आली. मग दुसरं फाटक. मग म्हातारे काठ्या टेकत आले, घोड्यावरचे दोघं लगाम खेचून उतरले, गवताच्या तुकड्यांतून माणसं दाताळी खांद्यावर टाकून धावत निघाली. कोशोक कानावर पडला की उठून जायचं असतं. जिथून येतो तिथं जायचं असतं. हे त्या गावात पाळण्यातल्या पोरालाही शिकवावं लागत नाही. अनिपा याच गावात वाढली होती. तिला हे माहीत होतं आणि तरी तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"घरात जा!" ती काच खाली करून ओरडली. "घरात बसून ऐका! अरे, घरात जा!"

कुणी ऐकलं नाही. जी माणसं ओसमोनआलीच्या अंगणात गेली नव्हती, तिच्या रोजच्या सूचनांना थोडीफार भिऊन घरात बसली होती, तीही आता रस्त्यावर होती. पुरुष वाकून काठीवर भार देऊन उभे राहिले, तंबूबाहेर उभे राहतात तसे, आणि मोठ्यानं हंबरडा फोडायला लागले. बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकी टेकून गाडीतल्या आवाजात आवाज मिसळू लागल्या. गाडी पुढं सरकेना. आणि मग तालायची बायको गर्दीतून आली आणि तिनं मागच्या काचेवर कपाळ टेकलं.

सुरमाकाननं डोळे उघडले. माईक मांडीवर ठेवला. दार उघडलं.

"आपा!" अनिपा किंचाळली.

पण म्हातारीनं पोरीला कवेत घेतलं होतं. मागून दुसरी आली, तिसरी आली. मांडीवरचा माईक चालूच होता. भोंग्यातून नुसते हुंदके सगळ्या खोऱ्यात ऐकू जात होते.

त्यानंतरचे दिवस गवताचे होते. ऊन कडक पडलं, गवत सुकलं, गंज्या रचायची वेळ झाली आणि रचायला माणसं नव्हती. चौथ्या दिवशी तालाय अंथरुणाला खिळला. पाचव्या दिवशी दोरीशी उभा राहणारा म्हातारा. मग कणकीच्या हातांची बाई. अनिपा पहाटे गवत उलटायची, आठला दारोदार फिरायची, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा बघायची, सुई टोचायची आणि वर ऐकून घ्यायची.

"दवाखान्याच्या गाडीनंच रोग फिरवला म्हणे," एका घरात तिला सांगितलं गेलं. "तूच बोलावलंस ना सगळ्यांना? भोंगा तुझाच."

 तिनं हात धुतले आणि पुढच्या घरी गेली.

सहाव्या दिवशी सुरमाकाननं चहा नको म्हटलं. सातव्या दिवशी चिमट्यात ब्याऐंशी आलं. यंत्र तालायच्या उशाशी होतं. त्याच्याकडं शहात्तर. तीन लेकरं, चाळिशी न गाठलेला माणूस. अनिपानं तालुक्याच्या रुग्णालयाला फोन केला. पलीकडची बाई थकलेल्या आवाजात म्हणाली, जागा नाही, व्हरांड्यातही नाही, आणू नका.

जोलदोश पहिल्यांदाच ओरडला. "यंत्र आण! आपल्या घरचं माणूस आहे! महिनाभर गावासाठी मरतेस, आईसाठी एक यंत्र आणता येत नाही?"

"आणते," अनिपा म्हणाली. "तू ये बरोबर. तालायच्या नाकातली नळी तू काढ. त्याच्या पोरांसमोर. मी प्लग काढते."

जोलदोश भिंतीला टेकून खाली बसला.

"भांडू नका," सुरमाकान म्हणाली. ती पालथी झोपली होती. अनिपानंच तिला तसं निजवलं होतं. उशीतून आवाज बारीक येत होता. "तालायचं काढलंत तर त्याच्यासाठी मला उठून रडायला जावं लागेल. गुडघे चालत नाहीत."

अनिपा तिची पाठ चोळत राहिली. आठवड्यापूर्वी डोंगरावर आपटणारा आवाज आता शेजारच्या खोलीत जात नव्हता.

"चुकलं माझं," अनिपा म्हणाली. "भोंग्याचं मी सांगितलं."

"दार मी उघडलं." बराच वेळ श्वास. "काय करू, पोरीनं काचेवर कपाळ टेकलं. अल्लासमोर उभी राहिले तर तो विचारेल, दार का नाही उघडलंस? का विचारेल, का उघडलंस? तुला काय वाटतं?"

"मला नाही माहीत, आपा."

"तुला तर सगळं माहीत असतं," म्हातारी म्हणाली आणि तेवढ्यातही जराशी हसली. मग म्हणाली, "मुकी पाठवू नकोस मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी, गायी कुरणाकडं निघण्याच्या वेळी ती गेली.

जोलदोश अंगणात आला. तंबूच्या काठ्या गोठ्याच्या छताखाली दोरीनं बांधलेल्या होत्या. त्यानं दोरीला हात घातला आणि अनिपाकडं वळून पाहिलं. 

अनिपाही त्या काठ्यांकडं बघत राहिली. दोनशे घरं. प्रत्येक घरातून माणसं येतील. ज्यांना नुसतं रांगता येतं तीही येतील. खोकत येतील, तिच्या गळ्यात पडतील, आणि या गल्लीत सुरमाकानला हवी होती तशी गर्दी होईल. आठ दिवसांनी अशी सात-आठ अंगणं होतील. आणि यंत्र एकच.

"सोड ती दोरी," ती म्हणाली.

"अनिपा."

"सोड म्हणते ना."

"माझी आई आहे. दोनशे घरांत..."

"मला माहीत आहे किती घरांत! मी मोजलीत ती, मलाच जायला लागतं त्या घरांत!" ती ओरडली आणि मग आवाज खाली आला. "कुबात मोलदोला फोन कर. तू, तो आणि तिघं. दुपारी."

एसेन गाडी घेऊन आला होता. त्यानं पुढचं दार उघडून दिलं. अनिपानं माईक हातात घेतला. तिला ठाऊक होतं, आवाज जरा जरी ओला झाला, एक हुंदका जरी भोंग्यातून बाहेर पडला, तरी फाटकं उघडतील. शब्द कुणी ऐकणार नाही. रडणं ऐकतील आणि निघतील. तिनं घशाशी आलेलं गिळलं. पुन्हा आलं, पुन्हा गिळलं. रोज सकाळी सूचना वाचायची तसं वाचायचं. बस्स.

"लक्ष द्या," ती म्हणाली. "आज सकाळी सहा वाजता सुरमाकान आपा वारल्या. दफन दुपारी घरच्या माणसांत होईल. तंबू उभारलेला नाही. कुणीही घरी येऊ नये. ज्यांना ताप आहे त्यांनी पालथं झोपावं. मी घरी येऊन तपासेन. दोन हात लांब राहा. हात साबणानं..."

ती थांबली. बांधावरचा विलो, प्याला, दाताळं, जोलदोशचं वाकून हसणं, सगळं एकदम समोर आलं. भोंग्यातून नुसती खरखर येत होती.

"हात साबणानं धुवा," ती म्हणाली.

गाडी त्या दिवशी आठ गल्ल्या फिरली आणि तिनं ते आठ वेळा म्हटलं. एकही फाटक उघडलं नाही. पडदे मात्र हलले. एका खिडकीमागून बाईचा आवाज स्पष्ट आला, "ऐकलंस का? सासू मेली आणि सून साबण सांगते! टिपूस नाही गं घशात, दगड आहे दगड!" एसेननं गाडी जरा जोरात पुढं काढली.

महिनाभर ती ओरडत होती, घरात बसा. आज गाव घरात बसलं होतं. रिकामा रस्ता, धूळ, मधोमध झोपलेलं कुत्रं. ते उठलंही नाही. एसेनला वळसा घालून जावं लागलं.

दुपारी पाचजण सुरमाकानला घेऊन गेले. बायका कबरीवर जात नाहीत. अनिपा गाडीत मागच्या बाकावर जाऊन बसली, जिथं म्हातारी बसली होती. एसेन खाली उतरून लांब फाटकापाशी जाऊन उभा राहिला. तिनं माईकचा खटका पाहिला. बंद होता. तांबडा दिवा विझलेला होता. तरी तिनं तो पुन्हा एकदा दाबून पाहिला, तारही ओढून काढली. मग चारी काचा वर केल्या, बाकावर वळली आणि गाडीच्या पत्र्याकडं तोंड केलं.

"माझ्या घरची सावली," ती म्हणाली. सूर लागला नाही. तिनं पुन्हा सुरू केलं. "आज उन्हात चालली. कुणी हाक मारा तिला..."

पुढची ओळ घशात अडकली. ती काढायला बराच वेळ लागला. निघाली तेव्हा ते गाणं नव्हतं, फाटलेलं काहीतरी होतं, पण शब्द सगळे होते. ती पुन्हा पहिल्यापासून म्हणत राहिली. काचांवर वाफ धरली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. तिनं बाहीनं काच पुसली तेव्हा बाहेर जोलदोश दिसला. कबरीवरून परत आला होता, बुटांना माती होती. गाडीपासून बरोबर दोन हात लांब उभा होता. गोठ्याशी टेकवलेलं दाताळं त्यानं उलटं धरलं होतं आणि दांड्यावर सगळा भार टाकून, तंबूबाहेर उभे राहतात तसा, तो वाकला होता. तोंड उघडं होतं. आवाज मात्र त्यानं बाहेर येऊ दिला नव्हता.